उंदराच्या स्तनगाठीत वंश किती आणि विषाणू किती: नाशिकच्या छोट्या प्राणिगृहात हे वेगळं कसं काढायचं

पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर स्ट्रेनचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपसात वाढवलेल्या वंशाचं, नाव असतं, जन्मतारीख असते, आई-बापाचा नंबर असतो. स्तनगाठींवर काम करायचं असेल तर त्या चिठ्ठीवर आणखी एक रकाना लागतो: ही मादी कोणाचं दूध प्यायली. तो नसेल तर पुढची सगळी मोजमापं करूनही गाठ रक्तातून आली की दुधातून, हे सांगता येत नाही.

मराठीत दूधबहीण हा शब्द आहे. एका आईचं दूध प्यायलेल्या, पण एका रक्ताच्या नसलेल्या दोघी. उंदरांच्या स्तनगाठींचा अभ्यास या शब्दाशिवाय पुढे सरकत नाही. १९३३ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेने जास्त गाठी होणाऱ्या आणि कमी गाठी होणाऱ्या स्ट्रेनचा दोन्ही बाजूंनी संकर केला. आई या स्ट्रेनची आणि बाप त्या स्ट्रेनचा, मग उलट. लेकींमध्ये दोन्हीकडचे जनुक सारखेच असूनही गाठींचं प्रमाण आईच्या बाजूने झुकलं. १९३६ साली जॉन बिटनर यांनी पिल्लं दुसऱ्या मादीच्या अंगावर लावून दाखवलं की कारण दुधात आहे. पुढे त्या कारणाचं नाव पडलं एमएमटीव्ही, म्हणजे उंदराच्या स्तनगाठीचा विषाणू. हा रेट्रोव्हायरस आहे. आपला आरएनए तो डीएनएत उतरवतो आणि पेशीच्या गुणसूत्रात शिरून बसतो.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये स्तनगाठी, संप्रेरकं आणि दुधातला विषाणू यांच्या संबंधावर वर्षानुवर्षं अभ्यास केला. नाशिकमधल्या फार्मसी किंवा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा विषय परदेशी समजायचं कारण नाही.

नावात काय लपलेलं असतं

सुरुवात स्ट्रेनच्या नावापासून करा, कारण अर्ध्या चुका इथेच होतात.

सी३एच हा जुना, जास्त गाठींचा स्ट्रेन. लिओनेल स्ट्राँग यांनी १९२० साली तो बांधायला घेतला. दुधातून विषाणू मिळालेल्या, पिल्लं देणाऱ्या सी३एच माद्यांपैकी बहुतेकींना सात ते दहा महिन्यांच्या वयात गाठ येते. पण नावाच्या शेवटी एफ लागून सी३एचएफ झालं, तर अर्थ पूर्ण बदलतो. हे उंदीर दुसऱ्या स्ट्रेनच्या स्वच्छ दुधावर वाढवून विषाणूमुक्त केलेले असतात. त्यांनाही गाठी येतात, पण कमी आणि खूप उशिरा, दीड-दोन वर्षांच्या आसपास. त्या येतात याचं कारण जनुकात आहे, ते खाली येईलच. तसंच बॅल्ब-सी-एफ-सी३एच या लांबलचक नावाचा अर्थ: रक्त बॅल्ब-सीचं, दूध सी३एचचं. एरवी बॅल्ब-सीला स्तनगाठी फार कमी होतात. या दुधावर वाढलेल्यांना भरपूर होतात.

सी३एचमध्ये हेजे आणि हेएन अशा दोन उपशाखा आहेत. पुरवठ्याच्या कागदावर हा फरक न वाचता सही करू नका. हेजे शाखेत टीएलआर४ हा, जिवाणू ओळखायला मदत करणारा, जनुक बिघडलेला आहे आणि याच जनुकावर विषाणूचा एक डाव अवलंबून असतो. आतड्यातल्या जिवाणूंच्या कवचाचा अंश विषाणू अंगावर घेऊन येतो, टीएलआर४ ला छेडतो आणि पिल्लाची प्रतिकारशक्ती आपल्याविरुद्ध उभी राहणार नाही अशी तजवीज करतो. हेजेमध्ये हा डाव चालत नाही, त्यामुळे पिढ्या सरकतात तसा विषाणू दुधातून विरत जातो. संसर्गित वसाहत टिकवायची असेल तर हेएन घ्या. शिवाय आज मिळणारे पुष्कळ सी३एच मुद्दाम विषाणूमुक्त केलेले असतात. नाव सी३एच आहे म्हणून विषाणू आहेच, असं गृहीत धरून वर्षभर गाठींची वाट पाहत बसाल. खरेदीआधी एमएमटीव्हीचा लेखी दाखला मागा.

सगळ्यात जास्त घोटाळा ट्रान्सजेनिक, म्हणजे बाहेरून जनुक घातलेल्या, उंदरांबाबत होतो. एमएमटीव्ही-पीवायएमटी, एमएमटीव्ही-न्यू, एमएमटीव्ही-डब्ल्यूएनटी१ या नावांतला एमएमटीव्ही म्हणजे विषाणू नव्हे. विषाणूच्या टोकाचा, स्तनग्रंथीत जनुक चालू करणारा तुकडा तेवढा उचलून दुसऱ्या जनुकापुढे जोडलेला असतो. हे उंदीर दुधातून काहीही पसरवत नाहीत. त्यांच्यात बघायचा तो वंशाचा परिणाम. पीवायएमटी एफव्हीबी स्ट्रेनमध्ये असेल तर माद्यांना दीड-दोन महिन्यांतच हाताला लागणारी गाठ येते, आणि तोच जनुक सी५७ब्लॅक६ मध्ये नेला तर वेळ लांबते. यांच्यासाठी प्राणी नीतिसमितीबरोबरच संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचीही परवानगी लागते.

वंश कुठे कुठे हात घालतो

गाठीची जोखीम एका जनुकावर ठरत नाही. पिल्लाच्या पोटातून स्तनग्रंथीपर्यंतच्या वाटेवर प्रत्येक नाक्याला वेगळा जनुक बसलेला आहे, म्हणून ही वाट डोक्यात पक्की हवी.

दुधातला विषाणू आतड्यातल्या पेयर पॅचमधून (प्रतिकारपेशींच्या पुंजक्यांतून) शिरतो आणि बी पेशींना लागण करतो. बी आणि टी या दोन्ही प्रतिकारशक्तीच्या रक्तपेशी. त्या पेशी विषाणूचं सॅग नावाचं प्रथिन बाहेर मांडतात. हा सुपरअँटिजेन आहे. तो ठरावीक व्ही-बीटा प्रकारच्या (हे प्रकार टी पेशीवरच्या ग्राहक-रेणूवरून पडतात) टी पेशींना सरसकट चेतवतो, मग त्या बी पेशींना वाढवतात आणि विषाणूला आयती जमीन मिळते. सी३एचच्या दुधातला विषाणू व्ही-बीटा १४ आणि १५ या पेशींना धरतो. सॅग नीट मांडायला पेशीवर आय-ई नावाचा एमएचसी रेणू (टी पेशींपुढे प्रथिनं मांडणारा रेणू) लागतो. तो सी३एच आणि बॅल्ब-सीकडे आहे, सी५७ब्लॅक६ कडे नाही. त्या स्ट्रेनच्या प्रतिकाराचं हे एक मोठं कारण. पुढे वयात येताना आणि गाभण काळात या रक्तपेशी विषाणू स्तनग्रंथीत पोचवतात. तिथे प्रोजेस्टेरॉन आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड संप्रेरकं आपल्या ग्राहक-रेणूंसोबत विषाणूच्या टोकाला बसून त्याला जोमाने चालू करतात. दुधात विषाणू भरतो आणि पुढची पिढी तो पिते.

गाठ मात्र विषाणूच्या कुठल्याही जनुकातून थेट होत नाही. तो गुणसूत्रात कुठे शिरला यावर ती ठरते. डब्ल्यूएनटी१ किंवा एफजीएफ३ या जनुकाच्या आसपास शिरला, तर प्रौढ स्तनग्रंथीत एरवी बंद असलेला तो जनुक चालू होतो. रोएल नुसे आणि हॅरोल्ड वार्मस यांनी १९८२ साली याच मार्गाने डब्ल्यूएनटी१ हुडकला, तेव्हा त्याचं नाव इंट-१ होतं.

याखेरीज बहुतेक स्ट्रेनच्या गुणसूत्रांतच जुन्या विषाणूंच्या प्रती कायमच्या बसलेल्या आहेत. त्यांना एमटीव्ही आणि पुढे क्रमांक अशी नावं आहेत. सी३एचमधली एमटीव्ही-१ हीच सी३एचएफच्या उशिरा येणाऱ्या गाठींमागे आहे. जीआर स्ट्रेनमधली एमटीव्ही-२ इतकी जागती आहे की तिथे दूध बदलून काही उपयोग नाही, विषाणू बीजातूनच उतरतो. बॅल्ब-सीमधल्या ६, ८ आणि ९ या प्रती संपूर्ण विषाणू तयार करत नाहीत, पण चाचणीत घोळ घालतात. त्याबद्दल पुढे.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हे सगळं उंदराच्या विषाणूबद्दल आहे. यावरून बाईच्या दुधाबद्दल कुणी निष्कर्ष काढू लागलं तर लगेच थांबवा. बाळाला अंगावर पाजल्याने आईचा स्तनकर्करोगाचा धोका कमी होतो. आपल्या कामाच्या अर्धवट सांगोवांगीने एकाही घरात पाजणं बंद पडता कामा नये.

पाळणादूध: आखणी आणि कृती

आधी कागद. संस्था सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीकडे) नोंदलेली हवी आणि संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडून फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाचा अर्ज, मंजूर झालेला हवा. फॉर्ममध्ये पिल्लांची संख्याही धरा, नुसत्या प्रयोगातल्या माद्यांची नको.

मूळ आखणी चार गटांची. सी३एच पिल्लं संसर्गित सी३एच दुधावर, सी३एच पिल्लं बॅल्ब-सी दुधावर, बॅल्ब-सी पिल्लं बॅल्ब-सी दुधावर आणि बॅल्ब-सी पिल्लं संसर्गित सी३एच दुधावर. चारही गटांतली पिल्लं परक्या मादीकडेच द्या, आपल्याच स्ट्रेनच्या दुधावर ठेवायची असली तरी. नाहीतर पिल्लू हलवण्याचा ताण दोनच गटांना बसतो आणि तुलना मोडते.

हिशोब असा. एका गटात २० माद्या हव्यात. एका वेताला सहा पिल्लं धरली तर तीन माद्या, आणि परक्या मादीकडे जाताना काही दगावतात म्हणून हातात अडीच. म्हणजे गटाला आठ वेतं आणि आठ दाया (परकी पिल्लं पाजणाऱ्या माद्या). एका वेतातली सगळी पिल्लं एकाच गटात टाकू नका, दोन दायांमध्ये वाटा. एका दाईकडच्या पिल्लांना एकाच दर्जाचं दूध मिळतं, त्यामुळे विश्लेषणात त्या २० स्वतंत्र माद्या धरता येत नाहीत. नोंदीत दाईचा नंबर त्यासाठीच लागतो.

दोन्ही स्ट्रेनच्या माद्या एकाच आठवड्यात नरांकडे सोडा. रोज सकाळी नऊच्या आत योनीतला प्लग (मीलन झाल्याची खूण असलेला घट्ट झालेला स्राव) बघा, उशीर झाला तर तो पडून जातो. प्लगचा दिवस शून्य धरा. दाई म्हणून घ्यायची मादी शक्यतो एक वेत यशस्वी वाढवलेली हवी आणि तिची स्वतःची पिल्लं एक ते तीन दिवसांची असावीत. त्यासाठी दाई-माद्यांचं मीलन एक-दोन दिवस आधी लावा.

आता लक्षात ठेवायचा फरक. स्वच्छ पिल्लाला विषाणू द्यायचा तर जन्मानंतर २४ तासांत त्याला संसर्गित दाईकडे लावलं की पुरतं, मधे एखादा स्वच्छ घोट गेला तरी बिघडत नाही. संसर्गित आईच्या पिल्लाला विषाणूपासून वाचवायचं असेल तर मात्र एकही घोट चालत नाही. पिल्लं बहुतेक रात्री-पहाटे जन्मतात आणि सकाळी तुम्ही येईपर्यंत प्यायलेली असतात. पिल्लाच्या डाव्या कुशीत कातडीतून पांढरा डाग दिसतो, ते पोटातलं दूध. डाग दिसला की ते पिल्लू स्वच्छ गटातून बाद. कितीही माया आली तरी बाद, आणि नोंद करून.

म्हणून स्वच्छ गटासाठी पोट उघडून पिल्लं काढणं हाच भरवशाचा रस्ता. नाळेतून हा विषाणू जात नाही. १८व्या दिवसाची संध्याकाळ ते १९व्या दिवसाची पहाट या वेळात मंजूर पद्धतीने मादीला मारा, लगेच गर्भाशय बाहेर घ्या आणि पाच मिनिटांच्या आत पिल्लं पिशवीतून मोकळी करा. कोमट निर्जंतुक पाण्यात भिजवलेल्या गॉजने नाक-तोंड पुसा, अंग हलकेच चोळा. ३७ अंशांच्या गरम पॅडवर पिल्लू निळसरचं गुलाबी होऊन नियमित श्वास घेऊ लागेपर्यंत थांबा. घाईने दाईकडे दिलेलं गार पिल्लू ती बाजूला टाकते, मग ते वाचत नाही.

दाईला दहा मिनिटं दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवा. तिची पिल्लं काढा. नवी पिल्लं तिच्याच घरट्यातल्या, लघवीचा वास असलेल्या भुशात घोळवा आणि मग तिला सोडा. हातमोजे बदला, अत्तर-साबणाचा वास नको. दाईची स्वतःची एक-दोन पिल्लं मागे ठेवली तर ती नवी पिल्लं चटकन स्वीकारते. इथे रंग कामी येतो: सी३एच करडा-तपकिरी, बॅल्ब-सी पांढरा. दोन आठवड्यांत अंगावर केस आले की कोण कुठलं ते डोळ्यांनी कळतं. दोन्ही एकाच रंगाची असतील तर पहिल्याच दिवशी खूण करा. दाईकडे एकूण सहा-सात पिल्लांपेक्षा जास्त ठेवू नका. पुढचे ४८ तास पिंजरा हलवू नका आणि भुसा बदलू नका. २१व्या दिवशी पिल्लं दुधापासून तोडा. वापरलेली दाई परत मूळ वसाहतीत सोडू नका, कारण पुढे वसाहतीत विषाणू दिसला तर तो कुठून आला हे शोधता येणार नाही. स्वच्छ आणि संसर्गित पिंजऱ्यांना खोल्या वेगळ्या ठेवा, आणि रोजचं काम स्वच्छ खोलीपासून सुरू करून संसर्गित खोलीत संपवा.

विषाणू खरोखर आहे का, हे कसं तपासायचं

शेपटीच्या डीएनएवर साधी पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून तो दाखवणारी चाचणी) केली तर प्रत्येक उंदीर पॉझिटिव्ह येतो. या कामातला हा सगळ्यात नेहमीचा फसवा निकाल. गुणसूत्रातल्या जुन्या एमटीव्ही प्रतीच उमटतात, दुधातल्या विषाणूचा त्यात काही संबंध नसतो.

दूध तपासा. पिल्लं सात ते दहा दिवसांची असताना त्यांना दोन-तीन तास वेगळी करून उबेत ठेवा, आईला पोटात एक-दोन युनिट ऑक्सिटोसिन द्या आणि काही मिनिटांनी सड हलके दाबून थेंब गोळा करा. शंभर मायक्रोलिटर पुष्कळ झालं. गार सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरची साय काढून टाका. मग आरएनए काढा, उरलेला डीएनए कापणारं डीएनेज द्या आणि उलट-ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएचा डीएनए करणारं विकर) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्यासोबत चालवा. त्या नळीत पट्टी आली तर डीएनए शिल्लक आहे, निकाल टाकून द्या. प्राइमर सॅग जनुकाच्या शेवटच्या, विषाणूगणिक बदलणाऱ्या भागावर घ्या. दुधातली विषाणू-प्रथिनं अँटिबॉडीने ब्लॉटवर दाखवली तर आणखी उत्तम.

दुसरी चाचणी रक्ताची. सॅगने चेतवलेल्या टी पेशी कालांतराने नाहीशा होतात. बॅल्ब-सीच्या अंगभूत प्रती व्ही-बीटा १४ ला हात लावत नाहीत, त्यामुळे तिथे ही चाचणी स्वच्छ बसते. साधारण दहा आठवड्यांनंतर रक्ताचे काही थेंब घेऊन सीडी४ पेशींत व्ही-बीटा १४ चा वाटा फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा आणि त्याच वयाच्या स्वच्छ मादीशी ताडून पाहा. सी५७ब्लॅक६ वर ही चाचणी वापरू नका. आय-ई नसल्याने पेशी नीट घटत नाहीत आणि संसर्गित मादी स्वच्छ ठरते.

हाताने गाठ शोधणं

तीन महिन्यांपासून आठवड्यातून एकदा, सहा महिन्यांनंतर दोनदा. मादीला जाळीवर ठेवून शेपूट धरा आणि अंगठा-तर्जनीने मानेपासून काखेत, कुशीवर, जांघेत आणि शेपटीच्या मुळापर्यंत जा. स्तनग्रंथीच्या पाच जोड्या असल्या तरी त्यांची ऊती पाठीच्या बाजूपर्यंत पसरलेली असते, म्हणून नुसतं पोट चाचपून भागत नाही. जांघेतल्या ग्रंथीत एक लसिकागाठ असते, ती मोहरीएवढी लागते आणि नवशिक्याला फसवते. पुढच्या वेळी मोहरीची मुगाएवढी झाली तर नोंदवा. दूध पाजणाऱ्या मादीची ग्रंथी एरवीही खडबडीत लागते. तिचा निकाल पिल्लं तोडल्यावर दोन आठवड्यांनी द्या.

व्हर्नियरने लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन, हे आकारमान घनमिलिमीटरमध्ये. दरवेळी शक्यतो एकाच माणसाने मोजावं. कुठल्याही बाजूने २० मिलिमीटर झाली, कातडी फुटली, मादी खाईना किंवा चालेना, यांपैकी जे आधी होईल तेव्हा प्रयोग तिच्यापुरता संपतो. आणखी एक आकडा मिळावा म्हणून तिला दुखण्यात ठेवायचं नाही.

निकाल टक्केवारीत मांडण्यापेक्षा गाठ कोणत्या दिवशी लागली यावर मांडा. कॅप्लान-मायर आलेख (दिवसागणिक किती माद्या गाठीविना उरल्या ते दाखवणारा) आणि गटांची तुलना करणारी लॉग-रँक चाचणी. गाठ न येता मेलेल्या मादीला 'गाठ नाही' या खात्यात टाकू नका, तिची नोंद त्या दिवशी थांबते. गटागटांत वेतांची संख्या सारखी ठेवा. गाभण राहणं हीच या आजारातली मोठी चालना आहे. एका गटाला चार वेतं आणि दुसऱ्याला दोन झाली, तर दिसणारा फरक विषाणूचा उरत नाही.

नाशिकची हवा, भुसा आणि आवाज

येवला-मालेगाव पट्ट्यात मका अमाप पिकतो, म्हणून कणसाच्या खुंटाचा भुसा स्वस्त पडतो. या कामाला तो घेऊ नका. त्यातली काही रसायनं स्त्री-संप्रेरकाच्या कामात ढवळाढवळ करतात आणि प्रजननही बिघडवतात. इगतपुरी-त्र्यंबककडचं भाताचं तूस चाळून, ऑटोक्लेव्ह करून वापरा आणि एकच खेप पूर्ण प्रयोगाला पुरेल अशी साठवा. खाद्याचंही तसंच. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात. मधेच ब्रँड बदलला तर सोयाचं प्रमाण बदलतं आणि गाठीचं वयही सरकू शकतं.

खोली २० ते २४ अंशांवर, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या बाजूला पारा दहाच्या खाली उतरतो, एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो. दोन्ही वेळी वीज गेली की नवजात पिल्लं आधी जातात. एसी आणि हीटर जनरेटरवर घ्या, नुसते दिवे नकोत. द्राक्षबागेलगत इमारत असेल तर छाटणीनंतरच्या फवारणीच्या दिवसांत बाहेरची हवा आत घेणारी झडप कुठल्या दिशेला आहे ते पाहा.

गणपतीत नाशिक ढोलाचं पथक रस्त्यावरून गेलं की बाळंत मादी पिल्लं खाऊ शकते. प्लगच्या तारखेत एकोणीस-वीस दिवस मिळवा आणि बाळंतपण विसर्जनाच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात येत असेल तर मीलन पुढे ढकला. खारघरहून किंवा पुण्याहून उंदीर आणायचे तर कसाऱ्याचा घाट किंवा सिन्नरचा रस्ता उन्हाळ्यात रात्रीच पार करा. गाभण मादी शेवटच्या आठवड्यात प्रवासाला काढू नका. आल्यावर निदान दोन आठवडे स्थिरावू द्या, मगच नर दाखवा.

गाठ काढल्यावर

प्रत्येक गाठीचे तीन तुकडे करा: एक फॉर्मॅलिनमध्ये, एक आरएनएसाठी, एक डीएनएसाठी. त्याच मादीच्या यकृताचा तुकडा सोबत हवाच. सदर्न ब्लॉटवर (डीएनएचे तुकडे पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) यकृतात दिसणाऱ्या पट्ट्या अंगभूत प्रतींच्या असतात. गाठीत त्यांच्याखेरीज आणखी ठळक पट्ट्या दिसल्या तर त्या नव्याने शिरलेल्या विषाणूच्या, आणि गाठ एकाच पेशीपासून वाढल्याची ती खूण. यकृत ठेवलं नसेल तर कुठली पट्टी जुनी आणि कुठली नवी हे ओळखता येत नाही. आरएनएच्या तुकड्यात डब्ल्यूएनटी१ आणि एफजीएफ३ मोजा. स्वच्छ मादीच्या स्तनग्रंथीत ते जवळजवळ नसतातच, म्हणून गाठीत चढलेले दिसले तर विषाणू कुठे बसला असेल याचा अंदाज येतो.

४टी१ पेशी टोचून औषधं तपासणाऱ्यांनीही हे वाचून ठेवावं. त्या पेशी मुळात बॅल्ब-सी-एफ-सी३एच मादीच्या गाठीतून आलेल्या आहेत. रक्त बॅल्ब-सीचं, दूध सी३एचचं. प्रतिकारशक्तीवर चालणारं औषध तपासत असाल तर टोचण्याआधी पेशींमध्ये विषाणूची प्रथिनं आहेत का ते एकदा पाहा आणि निकालाशेजारी लिहा. डबीवरच्या चिठ्ठीत मादीचा नंबर, आईचा नंबर, दाईचा नंबर आणि तारीख, हे चारही शिसपेन्सिलने लिहा. उणे ८० अंशांत साध्या पेनची शाई पुसली जाते.